पहिल्या घासाचा मान

कुत्रं या प्राण्याशी माझं कधीच जमलं नाही, हे आधी सांगून टाकतो. म्हणजे पुढं जे लिहिणार आहे ते कुत्र्यांच्या प्रेमापोटी लिहिलं, असं कुणी म्हणायला नको. सोजरबाईची खोली आणि माझी खोली यांच्यामध्ये एकच मातीची भिंत होती, आणि तिच्या हळद्याचं भुंकणं मी तेरा वर्षं त्या भिंतीतून ऐकलं. पहाटे आधी तो भुंकायचा, मग गिरणीचा भोंगा व्हायचा, मग सोजरबाईच्या चुलीचा धूर माझ्या खोलीत शिरायचा. सोलापुरात गिरणीच्या आसऱ्याला राहणाऱ्या मास्तराची सकाळ अशीच व्हायची.

सोजरबाई गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात होती. तिचा नवरा रावजी त्याच गिरणीत होता. अठरा सालच्या मानमोडीच्या साथीत तीन दिवसांच्या तापानं तो गेला आणि पाठोपाठ दोन वर्षांची मुलगी गेली. बाई स्वतः तापातून उठली आणि महिन्याभरात कामावर लागली. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. मी सांगतोय ती गोष्ट तेहतीस सालची, म्हणजे तिची चाळिशी नुकतीच ओलांडलेली, पण गल्लीत नव्यानं आलेली माणसं तिला आजी म्हणत. दिवसभर उभं राहून पाय सुजलेले, छातीत कापसाची धूळ साठलेली, आणि बोलणं इतकं बेतानं की दोन शब्दांत भागत असेल तर तिसरा काढायची नाही. गिरिजा, म्हणजे माझी बायको, रोज संध्याकाळी ओट्यावरून विचारायची, "आलात का?" ती म्हणायची, "आले." आणि दाराची कडी काढायची.

तिच्या सासरचा देव खंडोबा. चंपाषष्ठीला देवाला रोडगे आणि वांग्याच्या भरताचा नैवेद्य दाखवला की पहिला घास घरच्या कुत्र्याला द्यायचा, ही रीत पुष्कळ घरांत आहे. कुत्र्याच्या कपाळाला भंडारा, म्हणजे देवाची हळद, लावायची, पानावर घास ठेवायचा आणि त्यानं तो घेतल्याशिवाय कुणी अन्नाला हात लावायचा नाही. पण सोजरबाईच्या सासरी याला आणखी एक पुस्ती जोडलेली होती. मान एकाच कुत्र्याचा. एका घरात दोन कपाळांना भंडारा लागत नाही. हळद्याकडं हा मान तेरा वर्षं होता आणि त्यानं तो कधी चुकवला नाही. घास पानावर पडायचा अवकाश, की गट्ट. आम्हा शेजाऱ्यांना फार तर दोन मिनिटं हात बांधून थांबावं लागे.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर सोजरबाईचा धाकटा दीर आबासाहेब मोहोळकडच्या गावाहून आला. माणूस चांगला, पण आवाज शेताच्या ह्या बांधावरून त्या बांधावर बोलल्यासारखा. त्यानं खांद्यावरची पिशवी ओट्यावर रिकामी केली. आतून एक काळं पिल्लू घरंगळत बाहेर आलं. त्याचे चारही पाय घोट्यापर्यंत पांढरे होते.

"वैनी, हळद्या ही चंपाषष्ठी गाठतोय का न्हाय, कुनी सांगावं? घरात कुत्रं पायजे. आत्तापासनं रुळू द्या."

सोजरबाई नुकतीच कामावरून आली होती. तिनं पिल्लाकडं बघितलं, मग हळद्याकडं बघितलं. "याला दिवसभर बघायचं कुनी?"

"मास्तर हायेत की शेजारी. सकाळची शाळा, दुपारी घरीच असत्यात."

हे माझ्यासमोर, मला न विचारता. मी काही बोलायच्या आत गिरिजानं पिल्लू उचललंसुद्धा. पायात मोजे घातल्यासारखं दिसतं म्हणून तिनं त्याचं नाव मोज्या ठेवलं.

मोज्या खाली उतरला तो थेट हळद्याच्या पोटाखाली दूध शोधायला गेला. तेरा वर्षांचा, एक कान फाटलेला, डोळ्यांत सायीसारखा पडदा आलेला तो बापई कुत्रा. तो उठून उभा राहिला, आम्हा सगळ्यांकडं एकदा बघितलं, आणि भिंतीकडं तोंड करून बसला. पिल्लू मागं गेलं. हळद्या गुरगुरला. मोज्याला ते बोलावणं वाटलं. त्यानं फाटका कान तोंडात धरला आणि तो लोंबकळला. अर्ध्या तासानं हळद्या माझ्या ओट्यावर येऊन माझ्या वहाणांवर आडवा झाला आणि पुढचे चार दिवस तिथून हलला नाही.

ते चार दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. सोजरबाई पहाटे पिल्लाला दारात दोरीनं बांधून जायची. दुपारी मी मुलांच्या वह्या तपासायला बसलो की पलीकडून ते रडायचं आणि अलीकडं हळद्या उसासे टाकायचा. चौथ्या दिवशी मी एका मुलाच्या बरोबर गणितावर फुली मारली आणि ओरडलो, "सोडा त्या कार्ट्याला!" गिरिजानं सोडलं. ते धावत आलं आणि हळद्याच्या पाठीला पाठ लावून झोपलं. हळद्या गुरगुरला. पिल्लू घोरत होतं. त्याला उठवायला उठावं लागणार, हे लक्षात आल्यावर म्हाताऱ्यानं मान टाकली.

थंडी सुरू झाली होती. दुपारी सोजरबाईच्या दाराशी हातभर उन्हाचा पट्टा पडायचा आणि तो हळद्याचा होता. आधी मोज्या त्या पट्ट्यात आला की हळद्या दात दाखवायचा. मग नुसता ओठ हलवायचा. मग वर्गात हजेरी घेतल्यासारखं एकदाच गुरगुरायचा, आणि थोडं सरकायचा. पंधरा दिवसांत ते दोघं एकाच पट्ट्यात झोपू लागले. शिकवणीही चालू झाली. चुलीजवळ जायचं नाही, ताटाला तोंड लावायचं नाही, गल्लीतल्या माणसावर भुंकायचं नाही. एकदा मोज्यानं माझी नवी वहाण पळवली, तेव्हा हळद्यानं त्याला मानेला धरून असं आपटलं की ते किंचाळत मोरीत गेलं. त्या दिवशी मला त्या कुत्र्याबद्दल पहिल्यांदा आदर वाटला.

पूर्वी संध्याकाळचा भोंगा झाला की हळद्या सोजरबाईला आणायला गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा. आता त्याचे मागचे पाय साथ देत नव्हते. तो निम्म्या वाटेवर जाऊन बसायचा. मोज्या पुढं तोंडापर्यंत धावायचा, परत हळद्याकडं यायचा, पुन्हा धावायचा. मग सोजरबाई पाय ओढत यायची आणि तिघंही सगळ्यात सावकाश चालणाऱ्याच्या चालीनं घरी यायची. तो सावकाश चालणारा कधी हळद्या असायचा, कधी सोजरबाई.

हळद्याच्या खाण्याचं मात्र बिनसलं. दाढा गेल्या होत्या. ती भाकरी आमटीत कुस्करून द्यायची. तो वरवर चाटायचा आणि तोंड फिरवायचा. मोज्या दोन हात अंतरावर बसून वाट बघायचा, म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं की पुढं यायचा आणि भांडं पुसून काढायचा. एक भरत चालला होता आणि एक आटत चालला होता. सोजरबाई उंबऱ्यावर बसून बघायची. "बाळसं धरलंय मोज्यानं," ती एकदा म्हणाली. 

मार्गशीर्ष लागला. तिनं घट बसवले, दिवा लावला. पंचमीला दुपारी आबासाहेब दोन चुलतभावांना घेऊन आला. हळद्यानं दोन दिवस पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. आबासाहेबानं त्याच्या बरगड्यांवरून हात फिरवला आणि स्पष्टच बोलला.

"वैनी, ह्यो उद्या घास घेत न्हाय. सकाळी ह्येचं कपाळ पुसायचं आन मोज्याला भंडारा लावायचा."

"जित्यापनी पुसायचं?"

"मग? एका घरात दोन कपाळं कशी चालतील? थोरल्या लोकांनी घालून दिलंय ते."

"हळद्या खाईल," ती म्हणाली आणि रोडग्यांसाठी बाजरी चाळायला बसली.

संध्याकाळी गिरिजा तिला वांगी भाजू लागायला गेली. परत आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. धुरानं असतील म्हणून मी चेष्टा केली, तर माझ्यावर डाफरली. मग सांगितलं. रावजी गेला तेव्हा सोजरबाई त्याच खोलीत तापानं फणफणत पडली होती. प्रेत उचलायच्या आधी तिच्या कपाळावर ओलं फडकं आलं. "गार वाटलं बगा गिरिजाबाई," ती म्हणाली होती. "वाटलं, कुनीतरी माजा ताप उतराय पट्टी ठिवतंय. बरं वाटलं. डोळं उघडलं तर सासूच्या हातातलं फडकं कुंकवानं लाल झालेलं." त्यानंतर सासूनं तिला कपाळाला काही लावू दिलं नाही, देवाचा भंडारासुद्धा नाही. घट तिनं बसवायचे, दिवा तिनं राखायचा, रोडगे तिनं भाजायचे. पण विचारायचं झालं तर दिराला विचारायचं. "कपाळ पुसलं की मानूस मोजत न्हाईत," एवढं बोलून तिनं वांगं परतलं होतं.

चंपाषष्ठीला तिनं गिरणीत खाडा केला. तळी उचलायला पाच पुरुष लागतात. आबासाहेब, त्याचे दोन चुलतभाऊ, समोरचा तिप्पण्णा आणि पाचवा मी. येळकोट केला, भंडारा उधळला. सोजरबाईनं हळद्याला उचलून अंगणात गोणपाटावर आणून ठेवलं. आबासाहेबानं नाइलाजानं त्याच्या कपाळाला भंडारा लावला. तिनं पानावर रोडग्याचा तुकडा, त्यावर भरीत आणि पातीचा कांदा ठेवला आणि पान त्याच्या नाकापाशी सरकवलं.

हळद्यानं वास घेतला. शेपटी एकदा जमिनीवर आपटली. मग त्यानं हनुवटी गोणपाटावर टेकली आणि डोळे मिटले.

आम्ही थांबलो. मोज्याला खांबाला बांधलं होतं, तो पानाकडं बघून ओढ घेत होता. आधी गप्पा झाल्या, मग त्याही आटल्या. सकाळपासून कुणाच्या पोटात काही नव्हतं, सोजरबाईच्या तर आदल्या दुपारपासून. भरताचा वास सगळ्या अंगणात भरला होता आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं, हे मी कबूल करतो. तिप्पण्णाची दुपारची पाळी होती. तो दोनदा उठला, दोनदा बसला, आणि शेवटी भोंगा झाल्यावर उपाशीच टोपी घालून निघून गेला. सोजरबाई त्याच्या पाठीकडं बघत राहिली. तिला फार लागलं ते.

माझा पारा चढला. कुत्र्यापायी सात माणसं उपाशी! ती पाणी आणायला आत गेली तेव्हा मी पुढं झालो, चिमूटभर भरीत घेतलं, हळद्याच्या ओठाला फासलं आणि मोठ्यानं म्हणालो, "खाल्लं! खाल्लं बघा!"

ती दारात उभीच होती. रागावली नाही. "मास्तर, द्येवाला फसवायचं असतं तर मी सकाळीच नसतं का फसवलं?" म्हणाली, आणि पदरानं हळद्याचं तोंड पुसलं. तोंडच, कपाळ नाही. मी पोरासारखा मागं जाऊन बसलो.

ऊन कलायला लागलं. ती खांबाला धरून उभी होती. तिचे पाय थरथरत होते, आणि गिरिजानं दोनदा सांगितलं तरी बसत नव्हती. तेव्हा आबासाहेब उठला. रागानं नाही, त्याच्यानंही बघवत नव्हतं. त्यानं तांब्यात फडकं बुडवून पिळलं.

"वैनी, बाजूला व्हा. दोष लागला तर मला लागंल. तुमी मरून जाशीला अशानं."

तो हळद्यासमोर उकिडवा बसला. ओलं फडकं जवळ येताना बघून हळद्यानं नाक पुढं केलं. आपल्याला पाणी पाजायला आलेत, असं त्याला वाटलं असावं. सोजरबाईनं आबासाहेबाचं मनगट धरलं.

"भावजी, नगं."

"वैनी, कुत्रं हाय ते. त्येला काय कळतंय?"

"मला कळतंय की." मग अगदी हळू म्हणाली, "माज्या वक्ताला पान्याचा तांब्या तुमीच आनला व्हता."

आबासाहेबाचा तो मोठा आवाज कुठल्या कुठं गेला. तेव्हा तो पंधरा वर्षांचा असेल. "आय म्हनली आन, म्हनून आनला," तो म्हणाला. त्याच्या हातातलं फडकं खाली पडलं.

ती खाली बसली. बसली म्हणण्यापेक्षा पाय संपले. हळद्याच्या शेजारी, उघड्या जमिनीवर.  मग तिनं ते पान आपल्याकडं ओढलं.

"द्येवाचा घास घ्यायला कुत्रं पायजे. व्हय न्हवं?"

"व्हय," आबासाहेब म्हणाला.

"बाळ्याच्या खंडोबाच्या जत्रंत वाघ्ये सोताला द्येवाची कुत्री म्हनवत्यात. द्येवाम्होरं भुकत्यात, भुईवर बसून खात्यात. ती मानसंच हायेत की."

"वैनी..."

"पंधरा वर्सं हे घर राखलंय म्या. दिवा इजू दिला न्हाय, घट चुकू दिला न्हाय. ह्या मुक्या जीवाचा मान काढून घ्यायचा न्हाय, आन त्या लेकराला असा द्यायचा न्हाय. राखन म्या बी केलीया. घास म्या घेते."

तिनं भंडाऱ्याच्या वाटीत अंगठा बुडवला आणि कपाळाला टेकवला. पंधरा वर्षांत अंगठा जागा विसरला होता, भंडारा जरा उजवीकडंच लागला. मग तिनं पानावरचा घास उचलून तोंडात घातला. डोळे मिटून सावकाश चावला. गिळताना तिला त्रास झाला. 

"घेतला घास," ती म्हणाली. "जेवा आता सगळी."

कुणी हललं नाही. सगळे आबासाहेबाकडं बघत होते, कारण त्या घरातलं शेवटचं विचारायचं ते त्यालाच, अशी सवय होती.  मग त्यानं वाटीतला भंडारा चिमटीत घेतला आणि तिच्यावर, हळद्यावर, खांबाला बांधलेल्या मोज्यावर उधळला. "सदानंदाचा..." म्हणाला, आणि पुढचं त्याला म्हणता आलं नाही. ते आम्ही म्हटलं.

गिरिजानं पानं मांडली. वाढून होईपर्यंत सोजरबाई भिंतीला टेकून झोपी गेली होती. तोंड थोडं उघडं, सुजलेले पाय समोर पसरलेले. दिवसाउजेडी झोपलेली मी तिला कधी बघितली नव्हती. गिरिजा तिला उठवायला वाकली, तर आबासाहेबानं हातानंच नको म्हटलं. त्यानं आपलं घोंगडं तिच्या पायांवर घातलं. मोज्याला कुणीतरी सोडलं होतं. तो हळद्याच्या पोटाशी जाऊन वेटोळं करून बसला, आणि म्हाताऱ्यानं डोळेसुद्धा उघडले नाहीत.

मी चार रोडगे खाल्ले. चुलतभाऊ जेवले, गिरिजा जेवली, तिप्पण्णाच्या घरी त्याचं पान झाकून पाठवलं. आबासाहेब मात्र सोजरबाईच्या वाढलेल्या पानापाशी मांडी घालून बसला होता. मोज्या दोनदा वास घेत आला, दोनदा त्यानं त्याला हळूच बाजूला सारलं. अंगणातलं ऊन गेलं, गार वारा सुटला. मी हात धुऊन त्याला म्हणालो, "अहो, घास घेऊन झालाय आता. बसा जेवायला."

"वैनी जेवू द्या आदी," तो म्हणाला, आणि पानावर घोंगावणारी माशी हातानं हाकलली.